इतक्या दुरून पाहिल्यावर माणसाचे काय उरते?

दक्षिणतीर (धागाकर्ता)

नमस्कार. गेल्या महिन्यात माझे वडील गेले. वय ८३ होते आणि आजार फार लांबला नाही, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. दहाव्यापासूनचे सर्व विधी नाशिकच्या रामकुंडावर झाले. मी श्रद्धाळू नाही. आई आणि काका यांना बरे वाटावे म्हणून बसलो होतो.

बाराव्या दिवशी सपिंडीकरण, म्हणजे गेलेल्याला पितरांच्या रांगेत सामील करण्याचा विधी, होते. गुरुजींनी समजावून सांगितले की श्राद्धात तीनच पिढ्यांची नावे उच्चारली जातात. वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप आणि पणजोबा आदित्यरूप. म्हणजे माझे वडील त्या रांगेत आले तेव्हा माझे वडील आजवर ज्यांचे नाव घेत असत, ते माझे खापरपणजोबा रांगेच्या दुसऱ्या टोकाने बाहेर पडले. मी काकांना हळूच विचारले की त्यांचे नाव काय होते. काकांना ते आठवेना. वडिलांना आठवले असते.

त्या रात्री झोप लागली नाही म्हणून व्हॉयेजर १ यानाने १४ फेब्रुवारी १९९० रोजी सुमारे ६०० कोटी किलोमीटरवरून टिपलेले पृथ्वीचे छायाचित्र पुन्हा पाहिले. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या आग्रहावरून यानाचा कॅमेरा मागे वळवला गेला होता आणि त्यात पृथ्वी एका पिक्सेलपेक्षाही लहान आली. त्या ठिपक्यात रामकुंड, वडील, मी आणि नाव विसरलेले खापरपणजोबा सगळेच आलो. माझा प्रश्न साधा आहे. इतक्या दुरून पाहिल्यावर माणसाच्या असण्याला काही प्रयोजन उरते का? आणि उरत नसेल, तर वर्षश्राद्धाला मी कोणत्या तोंडाने बसू?

अवकाशवेधी

तुमच्या दुःखात सहभागी आहे. एक दुरुस्ती सुचवतो. ६०० कोटी किलोमीटर हे अंतर आमच्या हिशेबात अंगणातले आहे. ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघालेल्या त्या यानापर्यंत पोहोचायला प्रकाशाला आता जवळजवळ एक दिवस लागतो, आणि त्याच्या वाटेतला पहिला परका तारा येण्यास सुमारे ४०,००० वर्षे आहेत; त्या ताऱ्याच्याही ते दीड प्रकाशवर्षापेक्षा जवळ जाणार नाही.

मात्र मला सांगायचे आहे ते वेगळे. मी गेली अनेक वर्षे दिंडोरी आणि पेठ भागातील गावांमध्ये दुर्बीण घेऊन जातो. शनीची कडी पाहिल्यावर शाळकरी मुले त्याचे अंतर विचारतात. वयस्क माणसे बहुतेक वेळा विचारतात, "तिथून आपण दिसतो का?" पहिल्यांदा मला त्याचे हसू आले होते. आता वाटते की दूर पाहण्याची आपली सगळी धडपड याच एका प्रश्नासाठी असावी.

त्या यानावर एक सोनेरी तबकडी आहे. तिच्यात केसरबाई केरकर यांची भैरवी आहे आणि ५५ भाषांमधील शुभेच्छांमध्ये मराठीही आहे. मराठी शुभेच्छेत पृथ्वीवरील लोक ऐकणाऱ्याला "ह्या जन्मी धन्य व्हा" असे म्हणतात. ऐकणारा कोण असेल, त्याला जन्म असेल की नाही, मृत्यू ठाऊक असेल की नाही, याचा काहीही पत्ता नसताना आपण त्याला "ह्या जन्मी" म्हणून मोकळे झालो. मला तो शब्दप्रयोग फार आवडतो.

मेनरोडचा कट्टा

प्रकाशाला यानापर्यंत पोहोचायला एक दिवस लागतो, हे वाचून समाधान झाले. संध्याकाळी सहा वाजता द्वारका चौकातली कोंडी ओलांडताना मला आपण एकटेच आहोत असे वाटत असे.

रामक्षेत्रे

मी पौरोहित्य करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. दक्षिणतीर, तुम्ही ज्याला दूरचे पाहणे म्हणता ते त्या दिवशी तुमच्याच तोंडून आम्ही वदवून घेतले होते. तुमचे लक्ष नसावे. संकल्प आठवा. त्याची सुरुवात ब्रह्मदेवाच्या आयुष्याच्या उत्तरार्धापासून होते. मग श्वेतवाराह कल्प, ज्याची लांबी ४३२ कोटी वर्षे मानली जाते. मग वैवस्वत मन्वंतर, कलियुग आणि त्याचा प्रथम चरण. हा झाला काळ. त्यानंतर स्थळ येते: जंबुद्वीप, भरतवर्ष, दंडकारण्य, गोदावरीचा अमुक काठ. त्यापुढे संवत्सर, मास, पक्ष, तिथी, वार. आणि या सगळ्याच्या शेवटी पाटावर दर्भ धरून बसलेल्या माणसाचे गोत्र आणि नाव.

ज्यांनी ही रचना केली त्यांना माणूस किती लहान आहे हे ठाऊक नव्हते, असे कोणी म्हणू नये. त्यांनी तो लहानपणा आधी पूर्ण उच्चारला आणि नंतरच त्या माणसाला "मी करिष्ये" असे म्हणायला लावले. तुमचे यान पृथ्वीपासून दूर जात मागे वळून पाहते. संकल्प दुरून निघतो आणि तुमच्या पाटापाशी येऊन थांबतो.

तीन पिढ्यांविषयी: वसू, रुद्र, आदित्य हा क्रम पाहिलात तर गेलेला माणूस दर पिढीला एकेक पायरी वर सरकतो. आदित्यानंतर त्याला नावाची गरज उरत नाही, असे आम्ही मानतो. तुम्ही त्याला विसरणे म्हणता, आम्ही सुटणे म्हणतो. दोन्ही शब्द खरे असू शकतात.

मेनरोडचा कट्टा

गुरुजी, एक शंका आहे. आमचे घर जुन्या नाशकात आणि बहिणीचे पंचवटीत. तिच्याकडे "उत्तरे तीरे" आणि आमच्याकडे "दक्षिणे तीरे" म्हणतात. पण रामकुंडापाशी नदी दक्षिणेकडे वळते, म्हणजे तिथले काठ खरे तर पूर्व आणि पश्चिम झाले. ब्रह्मदेवाच्या आयुष्यापासून इतके अचूक उतरत आल्यावर शेवटच्या शंभर पावलांत पत्ता चुकत असेल, तर आमची पितरे पोहोचतात कुठे?

रामक्षेत्रे

पोस्टमन ओळखीचा आहे, तो आणून देतो.

काळा पाषाण

मी भूगोल शिकवत असे. ज्या ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते तो, पांडवलेणी ज्या डोंगरात कोरली आहेत तो आणि तुम्ही ज्यावर बसला होता त्या घाटाचा दगड, हे सर्व एकाच लाव्ह्याचे आहेत. तो लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहिला. डायनोसॉर संपले तोच हा काळ. आपल्या प्रजातीचा माणूस सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचा. म्हणजे दुरून पाहायला यान लागत नाही, पायाखाली पाहिले तरी पुरते.

प्रयोजनाबद्दल माझे मत रोखठोक आहे. त्र्यंबकहून अरबी समुद्र अवघ्या ८० किलोमीटरवर आहे, आणि तरी गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. कीर्तनात मी याचे अनेक अर्थ ऐकले आहेत: त्याग, लोककल्याण, दक्षिणेची तहान भागवणे. वर्गात मी एकच कारण सांगत असे. उतार पूर्वेकडे आहे. नदीला प्रयोजन नसते, तिला उतार असतो. माणसाचेही तसेच असावे. आपण ज्या बाजूला घरंगळतो त्याला नंतर उद्दिष्ट म्हणतो.

द्राक्षमळा

सर, उतार आहे हे मान्य. पण त्याच पाण्यावर पाट काढून आम्ही बागा उभ्या केल्या, ते उतारात नव्हते. एप्रिलमध्ये खरड छाटणी केली तेव्हा मला ठाऊक असते की ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर एका रात्रीच्या गारपिटीत सगळे जाऊ शकते, आणि ते गेलेले मी पाहिलेही आहे. तरी एप्रिलमध्ये कात्री हातात घेतोच. याला तुम्ही काय म्हणाल ते म्हणा. मला नाव सुचत नाही.

मुक्तिभूमी, येवला

धागा सुंदर चालला आहे, म्हणूनच मध्ये बोलणे भाग आहे.

तुम्ही सर्वजण दुरून पाहण्याला शहाणपण समजत आहात. मला त्यात एक मोठी सोय दिसते. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो पाच वर्षे चालला. माझे पणजोबा त्यात होते. रामकुंडापासून ते दार चालत काही मिनिटांवर आहे. ६०० कोटी किलोमीटरवरून ते दार दिसत नाही, ते बंद होते हेही दिसत नाही आणि त्याच्या बाहेर कोण उभे होते हेही दिसत नाही. दुरून सगळे सारखेच लहान दिसतात हे खरे, पण जो आधीच लहान ठरवला गेला होता त्याला हे सांत्वन कसे पुरावे?

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी आमच्या येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केले की हिंदू म्हणून जन्म घेणे आपल्या हाती नव्हते, परंतु हिंदू म्हणून आपण मरणार नाही. पुढे २१ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला त्यांचे निधन झाले. मध्ये दोन महिनेही नव्हते. श्रद्धा आणि मृत्यू यांच्याविषयी धाग्यावर इतके लिहिले गेले आहे, म्हणून विचारतो: आपण काय म्हणून मरणार हे आधी ठरवून, ते पाळून गेलेल्या माणसाच्या बाबतीत "उतार होता म्हणून घरंगळला" असे काळा पाषाण म्हणतील का? उतार तर बरोबर उलट्या बाजूला होता.

आणि एक. तुम्ही नाव विसरल्याचे दुःख मांडले आहे, ते मला कळते. आमच्या घरातले खापरपणजोबांचे नाव विसरले गेले नाही. ते कोणी लिहिण्याजोगे मानलेच नव्हते. दोन्हींत फरक आहे.

काळा पाषाण

नाही, म्हणणार नाही. माझे विधान नदीपुरते ठेवतो आणि माणसाविषयीचा भाग मागे घेतो.

रामक्षेत्रे

मुक्तिभूमी, माझ्या आजोबांच्या पिढीतले लोक त्या दाराच्या आतल्या बाजूला होते. संकल्पात कल्पापासून नावापर्यंत उतरत येतो असे मी वर मोठ्या अभिमानाने लिहिले. ते नाव कोणाचे घेतले जाई आणि कोणाचे नाही, हे लिहायचे राहिले, आणि ते चुकून राहिले असे मी म्हणणार नाही.

निवृत्त रोखपाल

थोडे अवांतर वाटेल, पण मी मुद्द्यावर येतो. निवृत्तीनंतर मी पांडवलेण्यांच्या पायऱ्या रोज चढतो. १० क्रमांकाच्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी त्याने ३,००० कार्षापणांची (तेव्हाची नाणी) अक्षयनीवी, म्हणजे कधीही न मोडायची ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे ठेवली. (गंगापूरच्या वाटेवरचे गोवर्धन आजही आहे.) २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ व्याजाने आणि १,००० दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातला मुक्काम) करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी द्यायचे.

हिशेब करून पाहा. २,००० वर दरमहा शेकडा १ म्हणजे महिन्याला २० आणि वर्षाला २४०. वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ म्हणजे २४०. एक कार्षापण इकडचा तिकडे नाही. आयुष्यभर ताळेबंद जुळवलेल्या माणसाला तो लेख वाचून काय वाटले असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

आता त्या श्रेणी नाहीत, ते भिक्षू नाहीत आणि मुद्दलही बुडाले. ठेवीची पावती तेवढी दगडात शिल्लक आहे. उषवदाताला मोक्ष मिळाला की नाही ते मला माहीत नाही. परंतु तो ज्या धर्मसंघासाठी ठेव ठेवत होता त्याच्या शिकवणुकीचा पायाच अनित्यता हा आहे, आणि त्या संघाला त्याने "अक्षय" ठेव दिली. ती स्वीकारणाऱ्या भिक्षूंना त्यातली गंमत कळली असणार. तरी त्यांनी वस्त्रे घेतली, कारण पावसाळ्यात लेण्यात गारठा असतो.

मेनरोडचा कट्टा

त्या काळी शेकडा १ दरमहा, म्हणजे वर्षाला १२ टक्के. ज्येष्ठ नागरिकांसाठी वेगळा दर होता का, एवढेच विचारायचे राहिले.

रात्रपाळी

मी वीस वर्षे अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. इथे मांडले गेलेले सर्व विचार मी वाचले आणि मला त्यातील बरेच पटले, पण माझ्या अनुभवाशी ते जुळत नाहीत, म्हणून लिहिते.

जाणारी माणसे दूरचे काही बोलत नाहीत. निदान माझ्यासमोर फार थोडी बोलली. मागच्या उन्हाळ्यात निफाडकडचे एक आजोबा होते. दोन दिवस ग्लानीत होते. तिसऱ्या पहाटे डोळे उघडून त्यांनी मला विचारले, "बाई, चाळीवर ताडपत्री टाकली का? आभाळ आलंय." त्या खोलीला खिडकी नाही. मुलाला आत बोलावले, तो म्हणाला, "टाकली, बाबा." त्याच दुपारी ते गेले. नंतर मुलगा मला म्हणाला की यंदा कांदा शेतातूनच विकला होता, चाळ रिकामीच होती.

तो मुलगा खोटे बोलला आणि मी ते ऐकून घेतले. प्रयोजन हा शब्द मला फार मोठा वाटतो. त्या माणसाच्या डोक्यात शेवटी एक ताडपत्री होती आणि ती टाकली गेली आहे, एवढे त्याला कळायला हवे होते.

द्राक्षमळा

हे वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही. माझे वडीलही असेच विचारतील.

चार्वाकाचा शेजारी

मी पूर्ण नास्तिक आहे आणि धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर देतो: बसू नका. माझ्या आईने देहदान केले. तिच्या इच्छेप्रमाणे आम्ही तिला वैद्यकीय महाविद्यालयाकडे सोपवले आणि घरी येऊन चहा केला. दहावा नाही, तेरावा नाही, अस्थी तर नव्हत्याच. लोक म्हणाले की तिला गती मिळणार नाही. तिच्यावर विद्यार्थी शरीरशास्त्र शिकले, यापेक्षा वेगळी गती मला कळत नाही. ज्यावर विश्वास नाही ते शब्द आईच्या समाधानासाठी उच्चारणे ही मला अप्रामाणिकपणाची सुरुवात वाटते.

प्रामाणिकपणाची गोष्ट निघाली आहे, तर हेही सांगतो. रामकुंडातील अस्थिविलय तीर्थात हाडे विरघळतात हे खरे नाही. हाडातले कॅल्शियम फॉस्फेट नदीच्या पाण्यात असे विरघळत नाही. ते पुढे वाहत जाते किंवा तळाशी साचते.

रात्रपाळी

चार्वाकाचा शेजारी, तुमच्या आईंविषयी आदर आहे. आमचे शिक्षणही अशाच कोणाच्या तरी आईमुळे झाले. पण "टाकली, बाबा" म्हणणाऱ्या मुलाला तुम्ही अप्रामाणिक म्हणाल का?

चार्वाकाचा शेजारी

त्याने ते वडिलांना सांगितले, स्वतःला नाही. एवढा फरक राहिला पाहिजे. तो राखून कोणी पाटावर बसत असेल, तर माझा आग्रह सोडतो. अर्धा सोडतो.

अवकाशवेधी

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण सिंहस्थाचा उल्लेख अजून कोणी केला नाही याचे नवल वाटते. गुरू सूर्याभोवती ११.८६ वर्षांत एक फेरी मारतो आणि सिंह राशीत आला की आपल्या गावात लाखो माणसे लोटतात. सुमारे ७८ कोटी किलोमीटरवर फिरणाऱ्या, आपली दखलही न घेणाऱ्या वायूच्या गोळ्यावर एका शहराच्या रस्त्यांची रुंदी ठरते, असे जगात फार ठिकाणी होत नसेल.

माझी आजी स्वतःचे वय वर्षांत सांगत नसे. "मला सात सिंहस्थ झाले" म्हणत असे. २०१५चा तिने खाटेवरून ऐकला. मी हिशेब केला: ८० वर्षे जगणाऱ्याच्या वाट्याला गुरूच्या सात फेऱ्याही पूर्ण येत नाहीत. गुरूच्या बाजूने पाहिले तर माणूस आठवडाभरही टिकत नाही. आजीला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली की आठवड्यात रविवारही येतो.

मेनरोडचा कट्टा

२०२७चा सिंहस्थ आला की माझे चार होतील. रस्ते मात्र मला पहिल्या सिंहस्थापासून "काम प्रगतिपथावर" याच अवस्थेत आठवतात. अनादी आणि अनंत म्हणजे काय, हे मला त्यावरून समजले.

दक्षिणतीर

सर्वांचे आभार. तीन आठवडे वाचत होतो, लिहायला धीर झाला नाही. काय घडले तेवढे सांगतो. ते उत्तर आहे की नाही ते मला कळत नाही.

रामक्षेत्रे यांचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली की आपल्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळीची वही असेल, तिथे विचार. परवा तिला घेऊन गेलो. त्यांनी आडनाव आणि मूळ गाव विचारले आणि लाल कापडात बांधलेली वही काढली. अर्ध्या तासाने खापरपणजोबा सापडले. स्वतःच्या हाताने, मोडीत, शाई सांडत लिहिलेल्या चार ओळी. उपाध्यायांनी वाचून दाखवले: नाव, बापाचे नाव, गाव आणि आईच्या अस्थी घेऊन आलो, असे. म्हणजे तेही माझ्यासारखेच तिथे आले होते, वहीत नाव लिहून परत गेले होते आणि पुढे त्यांचे नाव गळेल याची त्यांना तेव्हा कल्पना असेल किंवा नसेल.

मुक्तिभूमी, तुमचे वाक्य वाटेत सतत आठवत होते. त्या वहीत माझ्या घराण्याची पाच पाने आहेत आणि तुमच्या पणजोबांचे एकही नसेल, हे समजून मी ती वही पाहिली. त्या जागी तसे पाहणे मला आधी सुचले नसते.

आणखी एक गोष्ट आईच्याच लक्षात आली. त्या पाच पानांत एकाही बाईचे नाव नव्हते. "कुटुंबासह" एवढाच शब्द होता, आणि जिच्या अस्थी आणल्या होत्या तिचाही उल्लेख "आई" असाच. उपाध्यायांनी वडिलांची नोंद करायला कोरे पान काढले. मी वडिलांचे नाव, तिथी आणि माझे नाव लिहिले. "बाकी कुटुंबासह लिहू ना?" असे त्यांनी सवयीने विचारले.

आईने पिशवीतून चष्मा काढला, माझ्या हातातले पेन घेतले आणि स्वतःचे नाव लिहिले. मग थोडे थांबून खाली माझ्या आजीचे लिहिले, आणि त्याखाली पणजीचे. त्याच्या पुढचे तिला येत नव्हते. तिने तेवढी जागा सोडून ठेवली आहे.

वर्षश्राद्धाला बसणार आहे.

मेनरोडचा कट्टा

कोणत्या तीरावर?